बेलभंडारा आधी कोणी उचलायचा

गेली बावीस वर्षं मी भूगोल शिकवते आणि समुद्र मी आयुष्यात एकूण चार वेळा पाहिला आहे. त्यातल्या दोन वेळा शाळेच्या सहलीबरोबर, म्हणजे लाटांपेक्षा पोरींकडेच लक्ष जास्त. तरीही महासागरांच्या धड्यावर माझ्याइतकं रंगून बोलणारं आंबेगाव तालुक्यात दुसरं कोणी नसेल, असं माझं प्रामाणिक मत आहे. नवरा म्हणतो, स्वतःची आरती स्वतः ओवाळून घेऊ नये. मी म्हणते, दुसरं कोणी ओवाळत नसेल तर काय करायचं?

माझं सासर आळ्याचं. शाळा मात्र माहेरच्या गावात, पेठजवळ. रोज नाशिक रस्त्याने एसटीने जाऊन येऊन करते. माहेर म्हणजे आबा, माझे वडील. वय ऐंशीच्या घरात. सगळी हयात मेंढरांमागे गेली, आता हौसेपुरत्या दहा-बारा मेंढ्या उरल्यात. भाऊ शेती करतो, आणि तो मेंढ्यांना शेतात शिरू देत नाही यावरून आबा रोज त्याच्याशी भांडतात.

तर झालं असं, की ऑगस्टच्या सुरुवातीला मी नववीच्या वर्गात वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवली. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचा हक्क चालतो. त्याच्या पलीकडचा समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही. त्या समुद्रासाठी जगातल्या देशांनी मिळून एक करार केला आहे. काही भाग राखून ठेवायचे, तिथे कोणतंही मोठं काम काढण्याआधी नुकसान काय होईल ते तपासायचं, आणि खोल पाण्यातल्या जिवांपासून औषध वगैरे काही निघालंच तर त्याचा फायदा गरीब देशांनाही द्यायचा. साठ देशांनी मंजुरी दिली की करार लागू होणार होता, आणि तोवर तेवढे देश झाले नव्हते. आपल्या देशाची सही झाली होती, मंजुरी बाकी होती.

एका मुलीने हात वर केला. "बाई, सही केली म्हणजे झालंच की. मंजुरी आणि कशाला?"

प्रश्न चांगला होता. मी सांगितलं की सही म्हणजे सगळ्यांच्या बैठकीत 'मला पटलंय' म्हणणं, आणि मंजुरी म्हणजे घरी येऊन आपल्या सरकारकडून ते पक्कं करून घेणं, आपले कायदे त्याला जुळवून घेणं आणि मग त्यात बांधलं जाणं. वर्गाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा मला एकदम सुचलं आणि सुचल्याचा आनंदही झाला. मी म्हणाले, "आपल्या डोंगराची गोष्ट माहीत आहे ना? देवळात सगळ्यांनी मान डोलावली, ती सही. आणि नंतर एकेकाने आपल्या घरच्या देव्हाऱ्यापुढे बेलभंडारा उचलला, ती मंजुरी."

वर्गाला लगेच समजलं. खंडोबापुढे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द परत घेता येत नाही, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. मी खूश झाले. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक चुणचुणीत पोरगी उठून म्हणाली, "मग बाई, आपल्या देशानं थांबल्यालंच बरं. आमचे आजोबा सांगतात, डोंगराच्या वेळी एका येड्या मेंढरावाल्यानं सगळ्यात आधी उचलला, त्याची मेंढरं गेली. थांबले ते हुशार निघाले."

वर्ग हसला. तिला माहीत नव्हतं की तो येडा मेंढरावाला माझा बाप आहे. तिचा काहीच दोष नव्हता, पण मला ते असं झोंबलं की उरलेल्या तासाला मी पोरांना नकाशा भरायला लावला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

डोंगराची गोष्ट अशी. मी आठवीत असताना गावामागचा डोंगर पार बोडका झाला होता. सगळ्या गावाची जनावरं तिथेच चरायची. बागायतदारांच्या म्हशी, बैल, आमची मेंढरं, ज्याला जे जमेल ते. डोंगर कोणाच्या नावावर नव्हता, म्हणून त्याची काळजीही कोणाच्या वाट्याला आली नव्हती. मग एकदा खंडोबाच्या देवळात बैठक झाली आणि ठरलं की वरच्या अंगाला चार पावसाळे एकही जनावर घालायचं नाही. सगळे हो म्हणाले. प्रत्येकाने येत्या रविवारी आपापल्या घरी बेलभंडारा उचलायचा असंही ठरलं.

आबांनी त्या रविवारी आंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे बसले आणि उचलला. बाकीच्या गावाने त्या रविवारी दुसऱ्याच्या दाराकडे बघितलं. त्याने उचलला की मी उचलतो, असं प्रत्येक घर म्हणत होतं. सोमवारी सकाळी गावातल्या म्हशी नेहमीसारख्या डोंगर चढल्या आणि आबा मेंढरं घेऊन उलट दिशेला, खाली रस्त्याकडे निघाले. आईने विचारलं, "अवो, बाकीच्यांनी न्हाई उचलला, तर तुमीच का पाळायचं?" आबा म्हणाले, "म्या त्यांच्यासंगं न्हाई उचलला. देवापुढं उचलला."

दोन वर्षं त्यांनी मेंढरं बांधाबांधाने, रस्त्याकडेच्या गवतावर, कोणाच्या मळ्यात खतासाठी बसवून जगवली. जमेना तेव्हा निम्मा कळप विकला. गावाने तोंडावर काही म्हटलं नाही, पाठीमागे येडा म्हटलं. तिसऱ्या वर्षी गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराने उचलला. मी त्यांना काका म्हणते. मग वर्षभरात उरलेलं गाव त्यात आलं. आज त्या डोंगरावर कमरेएवढं गवत असतं आणि पाळीपाळीने घराघराला कापायला मिळतं. त्याचं श्रेय 'गावाला' जातं. वर्गातली ती पोरगी ह्याच काकांची नात.

मला एवढंच हवं होतं की गावाने एकदा, उघड, सगळ्यांसमोर म्हणावं की तो माणूस येडा नव्हता. इतकी वर्षं हे मनात होतं. आता समुद्राच्या निमित्ताने संधी मिळाली होती. देशाने इतरांची वाट न बघता करार मंजूर करावा, असं गाव म्हणालं तर आबांचंही बरोबर होतं, असंच झालं ना? माझा स्वभाव असा, की एकदा डोक्यात घेतलं की मी कोणाचं ऐकत नाही. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा दहा दिवसांवर होती.

झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली आणि मी साडी सावरत ग्रामपंचायतीच्या पटांगणात जाऊन पुढच्याच खुर्चीत बसले. सरपंच बाई माझी जुनी विद्यार्थिनी. भूगोलात काठावर पास झालेली, पण सभा मात्र छान चालवते. दिवाबत्ती झाली, गटार झालं, बिबट्यासाठी पिंजरा मागायचं झालं. शेवटी ऐनवेळचे विषय आले तशी मी उठले आणि विषय मांडला. आपल्या देशाने खुल्या समुद्राच्या कराराला मंजुरी द्यावी, असा ग्रामसभेने ठराव करावा.

आधी कोणाला समजलंच नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, टोमॅटोच्या भावाचं बोला की! समुद्राचं काय मधीच?" हशा पिकला. मी हशा ओसरायची वाट बघत उभी राहिले, हे शाळेत शिकलेलं शस्त्र आहे. तेव्हा ग्रामसेवक घसा खाकरून म्हणाले, "बाई, विषय चांगला आहे. पण तुमचं मतदान आळ्याला आहे. इथल्या ग्रामसभेत तुम्हाला विषय मांडता येणार नाही."

झालं! दहा दिवस मी पाठ केलेलं भाषण, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. माहेरी आल्यावर आपण अजून त्याच गावच्या आहोत असं लेकींना वाटतं, मतदार यादीला ते मान्य नसतं. सरपंच बाई अवघडून म्हणाली, "गावातलं कोणी मांडणार असेल तर घेते मी विषय."

कोणी उठेना. आबा मागे लिंबाच्या झाडाखाली बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. मग पुढच्या रांगेतून काका उठले. वय आबांएवढंच, अंगावर पांढरंशुभ्र इस्त्रीचं. "मांडू द्या की राव. मी मांडतो. लिहा माझं नाव सूचक म्हून. बघू तरी काय हाय त्या समुद्रात." आणि मिशीत हसत खाली बसले. मला तर वाटलं की आता हे माझी चांगली खेचणार.

मला बोलायची परवानगी मिळाली. मी थोडक्यात सांगितलं. तो समुद्र कोणाचा नाही म्हणून सगळे ओरबाडतात. ज्यांनी मंजुरी दिली असेल ते पुढचे नियम ठरवायला बसतील, ज्यांनी दिली नसेल ते बाजूला बसून बघतील.

काकांचा मधला मुलगा उठला. त्या पोरीचा बाप. शिकलेला, मंचरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो काही वेडंवाकडं बोलला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. "मॅडम, मोठी जहाजं मोठ्या देशांकडं आहेत. त्यातल्या किती जणांनी मंजुरी दिलीय? आपण आपले हात बांधून घ्यायचे आन त्यांनी समुद्र उपसायचा? आधी त्यांना उचलू द्या, मग आपण." टाळ्या पडल्या. टाळ्यांनी तो जरा चढला आणि म्हणाला, "ज्यानं आधी उचलला त्याचं काय झालं, हे या गावाला सांगायला नको."

बोलल्यावर त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. लोक वळून लिंबाकडे बघायला लागले. माझे कान तापले. मी काय बोलणार होते ते मला आज आठवत नाही, पण ते शिक्षिकेला शोभणारं नक्कीच नव्हतं. तेवढ्यात आबा काठी टेकत उभे राहिले.

"खोटं काय बोलला त्यो? निम्मी मेंढरं गेली माझी." ते म्हणाले. "पर समिंदराचं म्हणशीला, तर हितं बसल्यात त्यात समिंदराकाठी ऱ्हायल्यालं म्या एकलाच हाय. ही मास्तरीण बी न्हाई."

लोक हसले, मीही हसले. खरंच होतं. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन माळशेज उतरायचे आणि उन्हाळा संपेपर्यंत कोकणात असायचे. आम्हाला ते कधी समुद्राबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

"आमी माघारी वर यायला निघायचो, तवा तिथली कोळी लोकं होड्या वर वढून ठेवायची. पावसाळाभर दर्यात जाळं टाकत न्हाईत. मासळीची पिल्लं असत्यात तवा. नारळी पुनवंला नारळ सोडला की मग जायाचं. एका म्हाताऱ्या कोळ्याला म्या इचारलं, पावणं, चोरून जाणारा जात असंलच की. तर म्हणला, जातो की. मग तुमी कशापायी थांबता? तर म्हणला, त्यो जातो म्हून आमी बी गेलो, तर फुडल्या साली सगळ्यांनीच रिकामं जाळं वढायचं." आबांनी डोंगराकडे हात केला. "ते ऐकून म्या आल्यावर देवळात डोंगराचं काढलं व्हतं. म्हणलं, आपल्यात बी व्हईल."

डोंगराचा विचार मुळात आबांनी काढला होता, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या लेकीला, जिला स्वतःच्या भूगोलाचा एवढा तोरा, तिला. आमच्या डोंगरावरचं गवत एका कोळ्याच्या बोलण्यातून उगवलं होतं.

"देशानं काय करावं, मला अडाण्याला काय कळतंय?" आबा पुढे म्हणाले. "पर लिहिताना येक लिहा. बारक्या होडीवाल्याला कुणी इचारलंय का, ते बघा म्हणावं. आमचा डोंगर बंद केला, तवा मेंढरं पाण्याला कुठनं जात्यात हे कुणी इचारलं नव्हतं. त्याला इचारा, त्याची वाट सोडा, आन मग उचला. बाकीच्यांकडं बघत बसू नका. सगळीच बघत बसली तर उचलायचा कुणी?"

आणि बसले. मला वाटलं, आता टाळ्या होतील. झाल्या नाहीत. काकांचा मुलगा काहीतरी बोलायला उठत होता, त्याला काकांनी हात धरून खाली बसवलं आणि स्वतः उठले. मघाचं मिशीतलं हसू कुठेच नव्हतं.

"घरात पोरांना मीच सांगत आलो, की आपण थांबलो म्हून हुशार," काका म्हणाले. "आज सगळ्यांदेखत खरं सांगतो. दोन साल हा माणूस माझ्या बांधावरून मेंढरं खाली न्यायचा. वर डोंगरात माझ्या म्हशी. त्यानं कधी तोंडातून शब्द काढला न्हाई. चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. रामराम घालायचा आन जायचा. तिसऱ्या साली माझ्या बायकोनं म्हशींची दावी सोडलीच न्हाईत. म्हणली, त्या माणसाच्या तोंडाकडं मला आता बघवत न्हाई. तवा उचलला मी. हुशारीनं न्हाई, लाजंनं उचलला." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "आन मी उचलला म्हून बाकीच्यांनी. मग पाळ्या ठरवायला बसलो, तर ह्यो म्हणला मेंढरांना पाण्याची वाट सोडा. दिली आमी गप. न्हाई म्हणायला आमाला तोंड कुठं व्हतं? ह्यो थांबला असता तर आज वर नुसता खडक असता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. एवढा अभिमान मला स्वतःच्या नोकरीचा वाटला नव्हता, मुलाच्या निकालाचा वाटला नव्हता. सरपंच बाईने ठराव मताला टाकला. काकांच्या मुलाने हात वर केला नाही, शंका माझ्या तशाच आहेत म्हणाला, आणि मला तो त्यासाठी आवडला. आणखी तिघाचौघांनी केला नाही. बाकी पटांगणभर हात वर होते.

ग्रामसेवकांनी लिहून घेतलं, की लहान मच्छीमारांचं म्हणणं ऐकून, इतर देशांची वाट न बघता, आपल्या देशाने कराराला मंजुरी द्यावी. सूचक म्हणून काकांनी सही केली. अनुमोदक कोण विचारल्यावर काकाच म्हणाले, "दुसरं कोण असणार?" आबांनी अंगठा उमटवला आणि शाई बोटाला राहिली म्हणून कुरकुर केली. तो ठराव पुढे पंचायत समितीत गेला. दिल्लीत कोणी वाचला असेल अशा भ्रमात मी नाही. पण देशापुढच्या एका प्रश्नात माझ्या अडाणी बापाने एक ओळ घातली आहे आणि ती कुठल्यातरी फायलीत आहे. मला विचाराल तर त्या ठरावातली सगळ्यात शहाणी ओळ तीच आहे.

दुपारी आबा मला फाट्यावर पोचवायला आले. एसटीला वेळ होता. मी अजून हवेतच होते. मी म्हणाले, "आबा, शेवटी गावानं मान्य केलं बघा. किती वर्षं वाट बघत होते मी. आता बरं वाटलं ना तुम्हाला?"

आबा बोटाची शाई दगडावर घासत होते. "गावाचं मला कधी काय वाटलंच न्हाई."

"म्हणजे?"

"गाव म्हणतंय येडा. म्हणू दे. निम्मी मेंढरं गाडीत घातली त्या दिशी तू म्हणली व्हतीस. दारात उभी राहून. आबा, तुमी येडं हायसा, माझी शाळा सुटली तर तुमच्यामुळं सुटंल. त्याचं वाटलं व्हतं."

ते वाक्य त्यांच्या लक्षात नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. माझ्या मात्र शब्दन्‌शब्द लक्षात होता. गावाने माफी मागावी म्हणून मी ग्रामसभेपर्यंत गेले, आणि मागायची होती ती मला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी म्हणाले, "आबा, चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मंचरकडे तोंड केलेली एसटी लांबून दिसत होती, तिला हात करायला ते रस्त्याच्या कडेला पुढे सरकले आणि पाठमोरेच म्हणाले, "शाळा न्हाई पर सुटली तुझी."